‘वं माय’च्या आधीचा थांबा

गल्लीच्या तोंडाशी मांडवाचे बांबू येऊन पडले की मला मत्सर सुरू होतो. कुणाला उन्हाळ्यात घामोळं येतं, कुणाचा घोळणा फुटतो, मला मत्सर येतो. या वयात असं सरळ लिहायची लाज वाटायला हवी, पण नाही वाटत. एप्रिल-मेमध्ये जळगावात माणूस तसाही भाजून निघतो. त्यात ही आतली आच कुणाला कळणार?

लग्नसराईचे वास ठरलेले आहेत. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, गच्चीवर साडीवर वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्यांचा आंबूस वास, वारा पडला की डाळमिलकडून येणारा भुश्याचा वास. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. आणि मग पाचच्या पुढे कुठून तरी लांबून ढोल. ढोल ऐकू आला की मी हातातलं काम टाकत नाही, मान वर करत नाही, फक्त खिडकी लावून घेते. चांगली बारा-पंधरा वर्षं मी खिडकी लावून घेतेय.

यंदा खिडकी लावूनही भागणार नव्हतं. समोरच्याच घरी लग्न निघालं. शेजारच्या अक्का बिबड्या उलथवायला गच्चीवर आल्या आणि कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "ऐकं का वं? धुळ्याना बँड सांगेल शे त्यास्नी. तुन्हा नवराना बँड! बठ्ठी गल्ली नाचनार शे."

"नाचू द्या," मी म्हटलं.

"आन् ती गानारी बी ई ऱ्हायनी. वैजयंती." अक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या. माझं सगळं दुखणं त्यांना ठाऊक आहे. त्यांना वर्षभर टीव्ही लागत नाही, मी पुरते.

आमचे हे पाइपच्या कारखान्यात वायरमन होते, आता निवृत्त. पण ते खरे पेटीवाले. लग्न झालं तेव्हा यांच्या घरातून हुंड्याचं नाव निघालं नाही; फक्त बघायला आले तेव्हा यांनी विचारलं होतं, "गाता येतं का?" मी आईकडून शिकलेलं हळदीचं गाणं म्हटलं. आई धुळ्याकडची, तिचं ते स्वतः बांधलेलं गाणं. दर ओळीच्या शेवटी ‘वं माय’. ‘मांडवना खाले पिवयं ऊन पडनं, वं माय.’ तेव्हापासून आमच्या घरात संध्याकाळी पेटी आणि गाणं. हे पेटीवर, मी भिंतीला टेकून. ऐकायला तिसरं माणूस नाही, आणि मला ते नकोही होतं. मी शाळेत इंग्रजी शिकवायची. दिवसभर पोरींच्या तोंडून चुकीची क्रियापदं ऐकून आल्यावर ती एक ओळ म्हटली की डोकं थंड व्हायचं. माझी छाती लहानपणापासून कमजोर, धूळ उडाली की दम लागतो. पण गाताना मी तो बेमालूम लपवते अशी माझी समजूत होती.

हे सगळं नीट चाललं होतं. मग भुसावळहून तो माणूस आला.

माणूस म्हणजे रेकॉर्ड. स्टेशनच्या मागे रऊफभाईंचं अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. रेल्वे कॉलनीतला एक जुना बंगला रिकामा होत होता, तिथलं सामान त्यांनी घेतलं, त्यात एक रेकॉर्ड प्लेअर आणि एक तबकडी निघाली. हे दुकानात गेले होते पेटीचा माइक दाखवायला. रऊफभाई म्हणाले, "ले जाओ मास्तर. पेटीवाल्याची चीज आहे, पेटीवाल्याच्या घरी जाऊ दे." दोन्ही घेऊन हे उन्हातून, पॅसेंजरमध्ये उभ्याने, छातीशी धरून आले. मला कधी असं धरून आणलं नव्हतं.

कव्हरवर एक काळा माणूस पियानोशी बसलेला. टाय सैल, तोंड उघडं, डोळे मिटलेले. मागे त्याचा बँड: ढोलवाला, गिटारवाला, एक उभं मोठं लाकडी वाद्य मिठीत धरलेला जाड्या, आणि दोन पिपाणीवाले, म्हणजे सॅक्सोफोन. "वाच की मागचं," हे म्हणाले. "तू इंग्रजीची बाई." मी चष्मा पुसला आणि वाचून दाखवलं. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेतला म्हणतात तो असा. मागे लिहिलं होतं की हा माणूस महायुद्ध संपल्यावर गावाकडून शहरात आला, कितीतरी वर्षं दारूच्या गुत्त्यांमध्ये एकटाच पियानो वाजवून गात राहिला, आणि या तबकडीवर पहिल्यांदाच त्याला स्वतःचा बँड मिळाला.

"एकटाच होता?" यांनी विचारलं.

"असं लिहिलंय."

"आणि मग बँड मिळाला." हे कव्हर उलटं करून परत त्या मागच्या माणसांकडे बघत बसले. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरी तो माणूस राहायला आला असंच म्हणायचं. सकाळी चहाबरोबर तो, कारखान्यातून आल्यावर तो, जेवताना तो. त्याचा डावा हात एकसारखा चालतो, यार्डातून मालगाडी निघावी तसा, आणि उजवा हात वरती काहीतरी खोड्या काढत असतो. आवाज खरवडलेला. मी शब्द कान देऊन ऐकायची आणि यांना सांगायची. बाई सोडून गेली. भाडं थकलं. पाऊस थांबत नाही. बाई दुसऱ्याबरोबर दिसली. पण मी आतापर्यंत ऐकलेल्या दुःखी गाण्यांसारखा तो रडत नव्हता. तो कुरकुरत होता. घरात चहा वेळेवर मिळाला नाही की माणूस कुरकुरतो तसा, आणि मधूनच त्याला स्वतःचंच हसू येत होतं. मला आवडला तो माणूस. हे कबूल करते, कारण पुढे मी त्याला खूप शिव्या दिल्या.

पण यांना वेड लागलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. गाणं चालू असताना तो मधेच ओरडून आपल्या माणसांना हाक मारायचा. नाव घेऊन. अमक्या, वाजव रे! आणि तो अमका सॅक्सोफोन घेऊन असा काही उसळायचा की आमच्या भांड्यांची फळी थरथरायची. "बघ, बघ, कशी हाक मारतो!" हे मांडीवर थाप मारायचे. "नाव घेतलं की बघ कसं वाजतं ते!"

मी भाकऱ्या थापत होते. दोघांच्या गाण्यात हाक कोण कुणाला मारणार? आणि मी तर यांचं नाव घेतच नाही. इंग्रजी शिकवत असले तरी आमच्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नाही. हे म्हणजे हे. शाळेत ‘आमचे मिस्टर’. लग्नात उखाण्यात घेतलं असेल एकदा, तेही बायकांनी दार अडवलं म्हणून. मला त्यात कधी काही कमी वाटलं नव्हतं, त्या तबकडीपर्यंत.

वैशाख लागला आणि धुळ्याहून आबा आले. आबा म्हणजे बँडमास्तर, लांब मिशा, खांद्यावर कायम टॉवेल. त्यांचा पेटीवाला गावी निघून गेला होता आणि स्पीकर लावलेल्या गाडीवर आता की-बोर्ड लागतो, त्याशिवाय लोक बँड सांगत नाहीत. हे कारखान्यात रजा टाकून गेले. मला विचारलं, नाही असं नाही. पायात चपला घालता घालता विचारलं.

आणि त्या बँडमध्ये गायला वैजयंती होती.

तिच्याबद्दल मी काय काय ऐकलं ते सांगत नाही. दिसायला बरी, आवाज मोठा, सोनगीरच्या किल्ल्याखाली गायली तर हायवेवरच्या ट्रकवाल्याला ऐकू जाईल एवढा. हे घरी यायचे ते घामाने भिजलेले, कॉलरवर गुलाल, आणि खुशीत. पेटीला हात लावायचे नाहीत. "आज फार वाजवलं गं," म्हणायचे आणि आडवे व्हायचे. मी भिंतीला टेकून बसायची आणि उठायची. एका उन्हाळ्यात घरातलं गाणं असं बंद पडलं. भांडण झालं नाही, अबोला नाही. नळाचं पाणी जावं तसं गेलं आणि पुढच्या वर्षीही आलं नाही.

त्या पहिल्याच वैशाखात सोनगीरला माझ्या मैत्रिणीच्या मुलाचं लग्न होतं आणि बँड यांचाच. मी मुद्दाम गेले. मांडवात पंगतीला बसले होते, पानात वरण-बट्टी, वांग्याची भाजी, वाढणारा तुपाची धार सोडतोय, आणि बाहेर वरात आली. पहिलीच ओळ ऐकली आणि घास तोंडातच राहिला. माझ्या आईचं गाणं! ‘मांडवना खाले पिवयं ऊन पडनं’. त्या बाईच्या तोंडी! मी खरकट्या हाताने बाहेर गेले. गाडीवर हे, समोर की-बोर्ड, खाली माइकची वायर गुंडाळत चालणारी वैजयंती. ती ‘ऊन पडनं’ म्हणाली आणि सगळा बँड थांबला. ढोल थांबला, ताशा थांबला. नाचणारे काका एक पाय वर घेऊन तसेच. तेवढी गर्दी, आणि कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं. यांचं बोट पट्टीच्या वर, हवेत. मग ते बोट खाली आलं आणि सगळं गाव ओरडलं, "वं माय!" जी काही धमाल उडाली! म्हाताऱ्या बायकासुद्धा पदर खोचून आत शिरल्या.

आणि माइकवरून ती ओरडली, "वाजवा, दिगंबरभाऊ!"

भाऊ म्हणाली, तेवढं एक बरं. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने नाव घेतलं, आणि यांनी मान वर करून जे काही वाजवलं ना, तसं माझ्यासमोर कधीही वाजवलं नव्हतं. नाव घेतलं की वाजतं, खरंच वाजतं, त्या तबकडीवरच्या सॅक्सोफोनसारखं. मी तिथे वरणाने माखलेला हात घेऊन उभी होते.

आबांना मी विचारलं, तो थांबा कुठून आणला. ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "वहिनी, ते रेकॉर्डवरचं शे! फॉरेनचा मास्तर, गोरा साहेब. दिगंबरभाऊंनी बसवलं. धुळ्यात कोन्हाकडेच नाही असं."

"साहेब गोरा नाही, काळा आहे," एवढंच मी म्हटलं.

तो थांबा पुढे फार गाजला. सुपारी द्यायला येणारे लोक सांगायचे, थांबावालं गाणं पाहिजे. दोन वर्षांत जळगावच्या, अमळनेरच्या, पारोळ्याच्या बँडवाल्यांनी उचलला. लोक त्याला वैजयंतीचा थांबा म्हणायला लागले. गाणं माझ्या आईचं, थांबा त्या परदेशी माणसाचा, नाव वैजयंतीचं, वाजवणारे हे. या सगळ्यात मी कुठे? मी तबकडीमागे लिहिलेलं वाचून दाखवणारी बाई. मी रेकॉर्ड प्लेअर जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला आणि लांबून ढोल ऐकू आला की खिडकी लावायला लागले.

मत्सराचं एक मला कळलंय. तो माणसाला आळशी होऊ देत नाही. वैजयंतीने नवीन साडी नेसली, मला अक्कांच्या आधी कळतं. तिचा आवाज बसला होता एका मोसमात, तेव्हा मी आठ दिवस आनंदात होते आणि यांना रोज शिरा करून घालत होते. यांना वाटलं, बायकोचं काय हे प्रेम! पुरुषांना काही म्हणजे काही कळत नाही.

तर यंदा समोर लग्न. लग्नाच्या आदल्या दिवशी हे धुळ्याला गेलेले, घरात मी एकटी, आणि गल्लीत भंगारवाला ओरडत आला. मला वाटलं, आज तो माणूस घरातून जाऊ दे. स्टूल घेऊन चढले, चादर ओढली, धूळ उडाली, खोकून खोकून जीव गेला. प्लेअर खाली आणला. आणि मग म्हटलं, द्यायच्या आधी शत्रूचं तोंड एकदा नीट पाहून घ्यावं. एवढा तो थांबा आहे तरी कसा मूळचा? भंगारवाला तोवर पुढच्या गल्लीत गेला.

पहिली बाजू ऐकली. तोच डावा हात, तीच कुरकुर, तीच भाड्याची रड. दुसरी बाजू ऐकली. बँड थांबतो, हो, थांबतो. एका गाण्यात तर ओळीच्या सुरुवातीलाच थांबतो. हा दोन शब्द टाकतो, बँड एक ठोका देतो, परत गप्प. पण ते मोजून थांबणं आहे. कवायतीसारखं, सगळ्यांना माहीत असलेलं. तिथे कुणी कुणासाठी थांबलेलं नाही. आणि ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी तर कुठेच नाही. मी परत पहिली बाजू लावली. नाही. सुईवरचा कचरा पुसून लावली. नाही म्हणजे नाही.

मग मी बसले भिंतीला टेकून, तिथेच, जुन्या जागी. आणि किती वर्षांनी कोण जाणे, पेटीशिवाय, हळू आवाजात आईची ओळ म्हणायला लागले. मांडवना खाले पिवयं ऊन पडनं. आणि माझा दम संपला. ‘वं माय’च्या आधी मी तोंड उघडून श्वास घेतला, चांगला मोठा, आणि मग म्हटलं, वं माय. परत म्हटलं. परत तिथेच. तिसऱ्यांदा ठरवून म्हटलं की सलग म्हणीन, तर खोकला आला.

हे दुसऱ्या दिवशी सकाळी आले. मी कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, "रेकॉर्डवर तो थांबा नाही."

"असेल की."

"दोन्ही बाजू ऐकल्या. नाही."

यांनी भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला, खाल्ला. "तुझा आहे तो," म्हणाले, मीठ कमी आहे म्हणावं तशा सुरात. "तू थांबायचीस ना तिथे. मी बोट उचलून बसायचो. बोटांना सवय लागली, बँडमध्येही तिथे हात उचलला गेला. सगळे चुकले पहिल्यांदा, आबा खवळले. मग मी म्हटलं, रेकॉर्डवरचं आहे."

"का? माझं आहे म्हणून का नाही सांगितलं?"

"काय सांगू आबांना? बायकोला दम लागतो म्हणून थांबायचं? हसले असते भो सगळे. फॉरेनचं आहे म्हटलं की आपली माणसं मुकाट्याने ऐकतात."

कथांमधल्या बायकांचे डोळे इथे भरून येतात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "म्हणजे माझा श्वास नेऊन तुम्ही त्या बाईला दिला!" मी ओरडले. "आईचं गाणं दिलं, ते दिलं! माझा दमसुद्धा दिला! आणि ती मिरवतेय बारा गावं!"

हे भाकरी हातात धरून बघत राहिले. "अगं, पण तू चिडतेस कशाला? मी तर रोज तिथे..." रोज तिथे काय, ते मला हवं होतं. ते काही यांच्या तोंडून निघेना. उठले, हात धुतले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि समोर बँडच्या गाडीकडे गेले.

संध्याकाळी ऊन भिंतींवरून उतरायला लागलं तेव्हा वरात निघाली. मी खिडकी लावली नाही. गॅलरीत येऊन उभी राहिले. शेजारच्या गॅलरीत अक्का, पदर तोंडाशी, आज काय बघायला मिळतंय म्हणून. खाली नवरा मुलगा घोड्यावर घामेजलेला, पोरं, हळदीने पिवळ्या बायका, आबांचा टॉवेल, आणि वैजयंती. जवळून पाहिली. केस पांढरे झालेत तिचे, मेंदीतून दिसतात. घोट्याला क्रेप बँडेज बांधून चालत होती. मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आईचं गाणं सुरू झालं. ऊन पडनं, म्हणाली ती, आणि गल्ली थांबली. ढोल थांबला. पाय वर, हात वर, सगळे तसेच. गाडीवर यांचं बोट हवेत. आणि हे की-बोर्डकडे बघत नव्हते. वर बघत होते, माझ्या तोंडाकडे. पेटीशी बसून बघायचे तसे, मी कधी श्वास घेते याची वाट बघत.

मी घेतला नाही.

मुद्दाम घेतला नाही. म्हटलं, थांबा. थांब गं बाई तूही. बारा गावं नाचलात ना माझ्या दमावर, आज जरा थांबा. वैजयंतीने वळून गाडीकडे पाहिलं. आबांनी पाहिलं. वर पाय धरलेला एक पोरगा डगमगला. यांचं बोट हललं नाही. कुणी ओरडलं, वाजवा ना भो! बोट हललं नाही. एवढी माणसं, घोडा, नवरदेव, स्पीकरची घरघर, सगळं माझ्यासाठी खोळंबलं होतं आणि ते फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

छाती भरून आली, आता खोकला येणार हे कळलं, तेव्हा मी कठडा धरला, मोठा श्वास ओढला आणि भरगल्लीत ओरडले,

"वाजव, दिगंबर!"

"हाय माय!" शेजारून अक्का किंचाळल्या. "नाव लिधं वं!"

यांनी बोट खाली ठेवलं.